ताप उतरल्यावर

ताप उतरला त्या सकाळी खोलीत पारिजातकाचा वास आला होता. आमच्या कुंपणाशी असलेलं ते झाड भाद्रपद सरता सरता फुलायला लागतं. चार दिवस तापाने जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही हिरावून नेल्यानंतर, पाचव्या दिवशी तो ओलसर, कोवळा गंध खिडकीच्या जाळीतून आत आला आणि मला वाटलं, सुटलो. उशीची खोळ घामाने भिजून गार झाली होती. डोळ्यांच्या मागे कुणी खिळे ठोकत असल्यासारखा जो ठणका होता तो ओसरला होता, आणि समोरच्या भिंतीवर चढणारं पिवळसर ऊन प्रथमच डोळ्यांना न बोचता पाहता येत होतं. थर्मामीटरने अठ्ठ्याण्णव दाखवलं. मी पुन्हा लावला. पुन्हा अठ्ठ्याण्णव. मग मी उठून, भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात गेलो, चहा केला आणि पुण्याला बायकोला, शुभदाला, फोन लावून सांगितलं, की उतरला एकदाचा.

आयुष्यात माझी इतकी फसवणूक कुठल्याही सकाळी झाली नाही. आणि मी सहजासहजी फसणारा माणूस नव्हे, निदान तसा माझा समज होता.

या हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, अवधपुरीच्या शेजारी जो मोठा सरकारी कारखाना आहे, तिथे मी एकतीस वर्षं तपासनीस होतो. भट्टीतून निघालेले ओतीव भाग माझ्यापुढे यायचे; वरून गुळगुळीत, राखाडी, निर्दोष. त्यांच्यावर लाल रंग चढवायचा, पुसून टाकायचा, मग पांढरी भुकटी फवारायची आणि वाट पाहायची. कुठे केसाएवढी भेग असेल तर आत मुरलेला रंग हळूहळू पांढऱ्यावर उमटतो, एखादी लाल शीर फुटावी तसा. जे धड दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचा मला पगार मिळत होता. निवृत्त झालो तेव्हा रंग आणि भुकटी कारखान्यात राहिली, नजर मात्र घरी आली. भाजीवाल्याच्या तराजूपासून सोसायटीच्या पाण्याच्या मोटरीपर्यंत सगळ्यावर ती फिरत असे. शुभदा म्हणायची, "अहो, माणसं म्हणजे लोखंड नव्हे." मी हसायचो. मनात म्हणायचो, लोखंड तरी बरं, त्याची भेग जिथे असते तिथेच राहते.

शुभदा त्या दिवसांत पुण्याला होती, लेकीच्या बाळंतपणासाठी. घरात मी एकटा, आणि वरच्या मजल्यावर दोन वर्षांपासून राहणारी भाडेकरू, सरिता पटेरिया. मूळची सागर या गावाकडची, चाळिशीच्या आतबाहेरची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करणारी. तिच्यासोबत सातवीत शिकणारी मुलगी पलक. नवरा कुठे असतो हे सरिताने कधी सांगितलं नव्हतं, आणि तिने न सांगितल्यामुळे मी माझ्या मनाने हवं ते गृहीत धरायला मोकळा होतो. शांत बाई. जिना उतरताना चप्पल वाजत नसे. मला त्याचाही संशय येई; ज्याला लपवण्यासारखं काही नाही त्याने पावलं न वाजवण्याचं कारण काय?

पलकचा एक छंद होता. घरातल्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांत पाणी भरून ती त्यांत मनीप्लांटच्या, कर्दळीच्या, रताळ्याच्या फांद्या लावायची आणि त्या बाटल्या आमच्या सामाईक जिन्यात, पायरीपायरीवर, ऊन येईल तिथे मांडून ठेवायची. प्रत्येक बाटलीवर कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नाव. एकीचं नाव 'नानी', एकीचं 'भूरी', एकीचं 'सोमवार'. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की त्या बाटल्यांमधल्या पांढऱ्या मुळ्यांच्या सावल्या भिंतीवर हलत. सुंदर दिसायचं, हे आज कबूल करतो. तेव्हा मला एवढंच दिसायचं की जिन्याच्या पायऱ्या अडल्या आहेत.

ताप आला तो दुपारी, एकदम, कुणी मागून ढकलावं तसा. जेवून वर्तमानपत्र हातात घेतलं होतं. पंधरा मिनिटांत ते धरवेना. संध्याकाळपर्यंत कंबर, गुडघे, मनगटं, असे सगळे सांधे कुणी उलटे पिळून ठेवल्यासारखे झाले. डोळा वळवला तरी दुखत होता. दुसऱ्या दिवशी सरिता कामावर निघताना माझ्या दाराशी थांबली. शुभदा गेल्यापासून ती सकाळी एकदा विचारपूस करून जात असे. शुभदानेच तिला तसं सांगून ठेवलं असणार, हे मी आधीच ताडलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अंकल, गोली कौन-सी खाई?"

मी कपाटातली जुनी वेदनाशामक गोळी घेतली होती. तिने पाकीट हातात घेऊन नाव वाचलं आणि ते परत न देता पर्समध्ये टाकलं. "ये मत लीजिए. डेंगू हुआ तो इससे खून बह सकता है. सिर्फ पैरासिटामोल, और पानी खूब. मैं खून ले लेती हूँ, शाम तक रिपोर्ट दे दूँगी."

माझं पाकीट ती घेऊन गेली, हे मला रक्त घेण्यापेक्षा जास्त लागलं. हात पुढे केला तो केवळ नाही म्हणण्याची ताकद नव्हती म्हणून. संध्याकाळी रिपोर्ट आला, डेंग्यू. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तसाच थरथरत रिक्षा करून अरेरा कॉलोनीतल्या दुसऱ्या लॅबमध्ये गेलो आणि पुन्हा रक्त दिलं. तिथेही डेंग्यूच निघाला. फक्त प्लेटलेटचा आकडा सरिताच्या आकड्यापेक्षा थोडा कमी होता. तो फरक मी तिला दाखवला, एखाद्या पुरवठादाराला त्याच्या मालातली खोट दाखवावी तसा. ती म्हणाली, मशीन वेगळी, दिवस वेगळा, आणि या आजारात आकडा रोज खालीच येतो. इतका फरक पडणारच. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कदाचित मी विश्वास ठेवला असता.

डेंग्यूचं निदान झाल्यावर माझ्या तापलेल्या डोक्याने पहिलं काम केलं ते गुन्हेगार शोधण्याचं. हा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो, जन्मला त्या जागेपासून फार दूर उडत नाही, एवढं मला ठाऊक होतं. मी दिवसभर घरात असतो. घराजवळचं स्वच्छ, साचलेलं पाणी कोणतं? उत्तर जिन्यात ओळीने मांडलेलं होतं, नावांच्या चिठ्ठ्यांसकट.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारी एकशे तीन ताप अंगात असताना मी उठलो. कठड्याला धरून एकेक पायरी चढलो आणि एकेक बाटली उचलून तिचं पाणी जिन्याच्या खिडकीतून खाली ओतलं. फांद्या कुंपणापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर भिरकावल्या. त्या कामात एक भयंकर समाधान होतं, तेही सांगितलं पाहिजे. किती बाटल्या झाल्या कोण जाणे. शेवटची उचलली तेव्हा खाली शाळेची व्हॅन थांबल्याचा आवाज आला. पलक वर आली, दोन पायऱ्या खाली थांबली. पाठीवर दप्तर, कपाळावर घाम. तिची नजर माझ्या हाताकडे होती.

"अंकल, ये नानी वाली है," ती म्हणाली.

मी म्हणालो, "तुम्हारी इन्हीं बोतलों की वजह से मुझे डेंगू हुआ है. मर भी सकता हूँ मैं. समझीं?" आणि तिच्या देखत ती बाटली उपडी केली.

ती रडली नाही. माझ्या अंगाला अंग लागू न देता, भिंतीला घासून वर निघून गेली. पुढे सरितानेच केव्हातरी सांगितलं, की सागरला पलकची आजी त्या उन्हाळ्यात वारली होती आणि ती फांदी आजीच्या ओट्यावरच्या वेलाची होती. पण हे कळलं ते फार उशिरा.

तर मग ती पाचवी सकाळ. पारिजातकाचा वास, अठ्ठ्याण्णव ताप, चहा. फोनवर शुभदा म्हणाली, "तुमचा आवाज असा खोल का येतोय?" मी म्हणालो, पंख्यामुळे तसा वाटतो. नऊच्या सुमारास पोटात, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखायला लागलं. घेतलेला चहा उलटून पडला. थोडी मोसंबी सोलून खाल्ली, तीही राहिली नाही. हातपाय गार पडले होते, पण चार दिवसांच्या भट्टीनंतर तो गारवा मला सुखाचाच वाटत होता. बसलो तर उठावंसं वाटे, उठलो तर पडावंसं वाटे. कुठेच चैन नव्हतं, आणि या अस्वस्थतेचं कारण मी अशक्तपणा असं नक्की करून टाकलं.

सरिता आली. दोन दिवसांपूर्वीच्या बाटल्यांच्या प्रकरणानंतरही ती येत होती, हे मला विलक्षण संशयास्पद वाटत होतं. मी हसून सांगितलं, "बुखार उतर गया."

तिचा चेहरा उतरला. मी एकतीस वर्षं पृष्ठभाग वाचले आहेत. तो बदल मी स्पष्ट पाहिला. रोग्याचा ताप उतरल्यावर शेजारणीचा चेहरा का उतरावा?

"कब उतरा? उल्टी हुई? पेट में दर्द? सुबह से पेशाब गए?" ती एकामागून एक विचारत राहिली, माझा तळवा हातात धरून, नखावर दाब देऊन, दाब सोडल्यावर नखाखालचा गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहत. मी उलटीचं आणि पोटदुखीचं तेवढं कबूल केलं, तेव्हा म्हणाली, "अंकल, अस्पताल चलना पड़ेगा. अभी."

"बुखार उतरने के बाद?"

"इसमें बुखार उतरने के बाद ही देखना पड़ता है."

मला हे वाक्य सरळ सरळ सापळ्यासारखं वाटलं. ताप असताना घरी राहा आणि ताप गेल्यावर दवाखान्यात चला, हा कुठला न्याय? मी विचारलं, "उस अस्पताल से तुम्हारा क्या रिश्ता है?" तिने माझा हात खाली ठेवला. ती दाराबाहेर गेली. मला वाटलं, वर्मावर बोट ठेवलं, गेली.

दोन मिनिटांत माझा फोन वाजला. शुभदा होती. सरिताने तिला फोन केला होता.

"अहो, ती सांगते तसं करा. आत्ताच्या आत्ता."

"तुला तिथे बसून काय कळणार? ती बाई..."

"मला एवढंच कळतं की तुम्ही माझ्यापासून लपवलंत. उलटी झाल्याचं मला तिच्याकडून समजतंय." तिच्या मागे बाळ रडत होतं, आणि तिचा आवाज इतका बारीक, इतका ताणलेला झाला होता की मला तो क्षणभर ओळखू आला नाही. "तुमचा संशय घरी ठेवा आणि रिक्षात बसा. मी हात जोडते."

छत्तीस वर्षांत शुभदाने मला हात जोडले नव्हते. मी उठलो, आणि दारापर्यंत पोचायच्या आत खोली तिरपी झाली. भिंत कोणती आणि जमीन कोणती हे उलगडेना. खाली पडलो नाही, कारण सरिता दारात उभीच होती आणि तिने मला काखेत हात घालून धरलं. रिक्षातून जाताना उन्हात न्हालेला रस्ता मला दुधाच्या पलीकडे असल्यासारखा दिसत होता. मला आठवतं ते एवढंच, की ती रिक्षावाल्याला सारखी म्हणत होती, "भैया, गड्ढा बचा के, पर धीरे मत चलाना."

रुग्णालयात रक्तदाब घेणाऱ्या नर्सने एकदा घेतला, पट्टा सोडला, पुन्हा घेतला आणि काहीही न बोलता डॉक्टरांना बोलवायला गेली. ते न बोलणं मी ओळखलं. ओतीव भागावर भेग दिसली की आम्हीही आधी बोलत नसू.

डॉक्टर तिशीतल्या एक बाई होत्या, बोलायला घाई नसलेल्या. सलाईन लावून झाल्यावर, दर तासाला रक्तदाब आणि रक्ताचा दाटपणा पाहत, दुसऱ्या दिवशी मी जरा माणसात आल्यावर त्यांनी सगळं समजावून सांगितलं. लोक प्लेटलेटच्या आकड्यालाच घाबरतात, पण खरा धोका वेगळा असतो. ताप उतरण्याच्या सुमारास काही जणांच्या बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, आणि रक्तातलं पाणी त्यांतून झिरपून पोटात, छातीत साचायला लागतं. नळ्या शाबूत दिसतात, कुठे जखम नसते, आणि तरीही आतून माणूस रिकामा होत जातो. पोटदुखी, उलट्या, गार हातपाय, ती बेचैनी, या त्याच्याच खुणा. अशा वेळी थेंब मोजून पाणी आत घालावं लागतं. कमी पडलं तरी घात, जास्त झालं तरी घात. एक-दोन दिवस निभावले की वाहिन्या आपोआप घट्ट होतात. "आप दोपहर तक रुक जाते," त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडून सलाईनचा वेग पाहू लागल्या.

मग त्यांनी विचारलं, याआधी कधी डेंग्यू झाला होता का. मी ठामपणे नाही म्हणालो, आणि मग आठवलं, सहा-सात वर्षांपूर्वी नागपूरला पुतण्याच्या लग्नात तीन दिवस असाच अंग मोडून ताप आला होता. तपासणी कुणी केली नव्हती. त्यांनी मान हलवली. या विषाणूचे चार प्रकार आहेत, म्हणाल्या. एक होऊन गेला की शरीर त्याला कायमचं ओळखून ठेवतं. पुढे दुसरा प्रकार आला तर शरीर त्यालाही जुनाच समजतं, जुनी ओळख घेऊन त्याच्यावर धावून जातं. ती ओळख त्याला पुरती लागू पडत नाही, अडवत तर नाहीच, उलट त्याला आत शिरायला मदत करते. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू पुष्कळदा जास्त वाईट असतो. माझ्या बाबतीत तसंच झालं असेल, पण खात्रीने सांगता येणार नाही.

तिथल्या पांढऱ्या, औषधाच्या वासाच्या दुपारी मी यावर फार विचार केला. बाहेर कडुनिंबावर खारी ओरडत असत, पडद्याच्या फटीतून उन्हाची एक सळई पलंगावर येऊन हळूहळू सरकत जाई, आणि मी पडल्या पडल्या माझ्याच रक्ताची कल्पना करी. तेही माझ्यासारखंच निघालं होतं. समोर आलेला कोण आहे हे नीट न पाहता, पूर्वी भेटलेल्या कुणाचा तरी चेहरा त्याच्यावर चढवून मोकळं होणारं. पण त्याच दिवसांत दुसरंही दिसत होतं. सरिता त्या सकाळी आली, आणि ताप उतरला या शुभवार्तेवर तिने विश्वास ठेवला नाही म्हणून मी जिवंत होतो. तोही संशयच की. ती माझं नख दाबून पाहत होती, मी तिचा चेहरा. तपासत दोघंही होतो.

रुग्णालयातल्या पाचव्या दिवशी शुभदा मला घरी घेऊन आली. ती लेकीला सासूच्या हवाली करून पुण्याहून धावत आली होती. अंगभर लाल पुरळ उठलं होतं आणि त्यात मधेमधे मूळ कातडीची फिकट बेटं शिल्लक होती. तळहात इतके खाजत की झोप मोडे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे बरं होण्याचं लक्षण आहे, पण बरं होण्याची लक्षणं आणि बरं वाटणं यांत किती अंतर असतं ते मला पुढच्या दीड महिन्यात कळलं. पाणी भरलेली बादली उचलवत नसे. कंगव्यात केसांचे पुंजके येत. काही कारण नसताना दुपारी चारच्या सुमाराला मन असं खाली बसे की खुर्चीतून उठून दिवा लावणंही जड जाई. आश्विनात आमच्या रस्त्यावरच्या सातविणी फुलल्या. त्यांचा तो दाट, गोड, डोक्यात जाणारा वास संध्याकाळी घरात शिरला की मला मळमळायचं आणि शुभदा मुकाट्याने खिडक्या लावून घ्यायची. कोपऱ्यावर मांडव घालून मांडलेल्या दुर्गेच्या झाँकीचे ढोल वाजत, आणि मला ते माझ्याच छातीत वाजल्यासारखे वाटत.

थोडं चालता येऊ लागल्यावर मी पुन्हा तपासाला निघालो. हे शुभदाला पसंत नव्हतं, पण मला मूळ कारण हवं होतं. कारखान्यात भेग सापडली की ती कुठून आली हे शोधल्याशिवाय कागद मिटत नसे. टॉर्च घेऊन मी रोज सकाळी आमच्या गल्लीत दोनशे पावलांच्या आत जिथे जिथे पाणी आहे तिथे वाकून पाहू लागलो. बांधकामाच्या हौदात अळ्या होत्या. शेजारच्या माथुरांच्या खिडकीत उन्हाळ्यापासून तशाच राहिलेल्या कूलरच्या तळाशी होत्या. देवळामागच्या फुटक्या कुंडीत होत्या. एक दिवसाआड नळ येणाऱ्या वस्तीत पाणी साठवल्यावाचून कुणाचं चालत नाही; प्रत्येक दारामागे एक ड्रम, एक टाकी, एक झाकण नसलेलं काहीतरी होतंच. शेवटी महापालिकेकडून घरोघर फिरणारी एक बाई आमच्याकडे आली, हातात पळी आणि टॉर्च. तिने आमचा फ्रिज पुढे ओढायला लावला. मागच्या ट्रेमध्ये बोटभर स्वच्छ पाणी होतं, आणि त्या पाण्यात टॉर्चच्या उजेडाने दचकून, स्वल्पविरामांसारख्या बारीक अळ्या वळवळत खाली गेल्या.

"तो हमारे ही घर का मच्छर था?" मी विचारलं.

तिने ट्रे मोरीत उपडा केला. "बाबूजी, महीना भर पहले यहाँ क्या था, कौन बताए? कहीं का भी रहा होगा."

मी तिला जिन्यातल्या बाटल्यांबद्दल विचारलं. तिने खांदे उडवले. मुळं असलेल्या बाटल्यांत होतात कधीकधी. पाणी रोज बदललं तर नाही होत. पाणी बदलत होती का मुलगी? मला माहीत नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं. नोकरीच्या एकतीस वर्षांत मी एकही नमुना न तपासता नाकारला नाही, आणि त्या दुपारी एकाही बाटलीत न डोकावता त्या सगळ्या ओतून टाकल्या होत्या. आता त्यांत काय होतं हे कुणालाच कधी कळणार नव्हतं.

मी सरिताची माफी मागितली. ती म्हणाली, "बुखार में आदमी कुछ भी बोल जाता है, अंकल," आणि विषय बदलला. तिने मनापासून माफ केलं की जागा सोडावी लागू नये म्हणून तसं म्हणाली, हे मला आजही ठरवता येत नाही. पलकसाठी मी रोपवाटिकेतून चार रोपं आणली. तिने "थैंक्यू अंकल" म्हणून ती घेतली आणि वर नेली. जिन्यात मात्र काहीही ठेवलं नाही. नंतर शुभदाच्या एक गोष्ट लक्षात आली आणि तिने मला दाखवली. मुलगी शाळेतून आली की आमच्या दारापाशी बूट काढून हातात घेते आणि अनवाणी जिना चढते. पावलं वाजू नयेत म्हणून.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी अडीचला, सरिताचा लॅबमधून फोन आला. पलकला शाळेतच ताप भरला होता, व्हॅनवाल्याने लवकर आणून सोडलं होतं. "मुझे निकलने में घंटा भर लगेगा. जरा देख लेंगे, अंकल?" शुभदा त्या दिवशी इथल्याच शिवाजी नगरला एका मैत्रिणीकडे गेली होती. मी थर्मामीटर घेतला, लिंबाचं सरबत केलं आणि जिना चढू लागलो. आजारानंतर वर जाण्याची ती पहिलीच वेळ. मधल्या वळणावर थांबून मला श्वास घ्यावा लागला.

मी कडी वाजवली. "पलक, मैं हूँ, नीचे वाले अंकल. मम्मी ने भेजा है."

आत पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. बऱ्याच वेळाने आवाज आला, "मैंने मम्मी को फोन कर लिया है."

"बुखार नाप लें, बेटा?"

"मैंने नाप लिया."

"कितना है?"

बारा-तेरा वर्षांची मुलगी, घरात एकटी, आणि दारात तो माणूस, ज्याने तिला सांगितलं होतं की तुझ्यामुळे मी मरेन. तिने दार उघडू नये हेच बरोबर होतं. तिच्या जागी माझी लेक असती तर मी तिला हेच शिकवलं असतं. मी सरबताचा पेला उंबऱ्याशी झाकून ठेवला आणि वरून दुसऱ्या पायरीवर बसलो. तिचा तो ताप साधा निघाला, तिसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, पण त्या दुपारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला ताप आहे एवढंच मला माहीत होतं, आणि ताप म्हणजे काय ते मला नव्याने माहीत झालं होतं. मी कान देऊन बसलो. पंख्याची घरघर, भांड्याचा आवाज, मग पाणी प्यायल्याचा. पाणी पितेय, म्हणजे ठीक आहे. एकदा ती खोकली. मग बराच वेळ काहीच नाही, आणि त्या काहीच नसण्यात माझे हात गार होऊ लागले.

"पलक?" मी हाक मारली.

लगेच, अगदी दाराच्या मागूनच, उत्तर आलं. म्हणजे तीही तिथेच होती.

"आप गए नहीं?"

"नहीं," मी म्हणालो.

लोखंडावर हलकी हातोडी मारून, उमटलेल्या नादावरून आतली भेग सांगणारा माणूस मी. पण त्या तीन शब्दांत भीती होती की हायसं वाटणं, हे मला तिथे बसून, सरिता येईपर्यंत पुन्हा पुन्हा मनात वाजवून पाहूनही, ओळखता आलं नाही.